पायाने दाबलेलं लोखंड

अक्काचा भात्यावरचा राग साठ वर्षं टिकला. लहानपणी वडिलांच्या भट्टीवर भाता तिने ओढायचा आणि घण उचलायचा तिच्याहून चार वर्षांनी धाकट्या भावाने. उचलायचा कसला, घणच त्याला उचलायचा. तरी वडील म्हणायचे, "पोरीनं ठोका मारायचा नसतो." विषय संपला. अक्का शिवण शिकली, गल्लीभराचे कपडे शिवले. भिंतीपलीकडे ऐरण वाजायला लागली की मशीन चालवता चालवता नाक मुरडायची, आणि एखाद्या दिवशी वाजली नाही तर दहा वेळा डोकावून यायची.

मग भावाचं कोपर गेलं. डॉक्टरांनी हातोडा कायमचा बंद सांगितला. भावाने तोंड पाडून जाहीर केलं, "रविवारी भंगारवाला येतोय. ऐरण देऊन टाकतो."

अक्काने मशीन थांबवलं. पण ती काय रडत बसणारी बाई? "हातोडा बंद सांगितलाय ना? लोखंड कुठे बंद सांगितलंय?" म्हणाली, आणि गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमध्ये बेअरिंग बसवायचा, तेलाच्या दाबावर चालणारा जुना हायड्रॉलिक प्रेस धूळ खात पडला होता, तो दुसऱ्याच दिवशी ढकलगाडीवरून घेऊन आली.

प्रेसमध्ये जोर चिक्कार, पण चाल गोगलगायीची. भाऊ डाव्या हाताने दांडा मारमारून थकायचा, वरचा साचा खाली येईपर्यंत लाल लोखंड काळं पडलेलं. मग दोघांनी मोडक्या टिपर ट्रकचा तेलाचा पंप आणून त्याला मोटर जोडली. आता साचा झपकन खाली यायला लागला. फक्त चांगल्या हातात सांडशी, म्हणून तेल सोडायची कळ भावाच्या दुखऱ्या हातात, आणि तो हात वेळेवर थांबेना. शनिवारी कुदळ करायला घेतली, तिचा पत्रा झाला. भावाने सांडशी टाकली आणि कपाळाला हात लावला. "जाऊ दे अक्का. उद्या नेऊ दे त्याला."

अक्का त्या पत्र्याकडे बघत राहिली. "हे कॉलरचं टोक असतं तर मी कुठे थांबले असते?" तिने विचारलं आणि आपणच उत्तर दिलं, "पायाने."

रविवारी भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी लागला, तेव्हा भाऊ कळीला जोडलेल्या, शिवणाच्या मशीनला असतो तसल्या लोखंडी पायट्याची स्प्रिंग बसवत होता. "जरा थांब," अक्का भंगारवाल्याला म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. भावाने भट्टीतलं लोखंड साच्यांमध्ये धरलं. तिने पायटा दाबला. साचा टेकला, लोखंड जरासं पसरलं आणि पाय जिथल्या तिथे थांबला. पाय उचलला, साचा वर. भावाने लोखंड फिरवलं, तिने पुन्हा दाबलं. आयुष्यभर सुई नेमक्या टाक्यावर थांबवलेला पाय तो, चुकणार कसा? तिसऱ्यांदा तापवून दाबल्यावर कुदळ तयार झाली.

"मग ऐरण?" भंगारवाल्याने विचारलं.

"लागेल आम्हाला. धार सरळ आली का ते तिच्यावर टेकवून बघायला," भाऊ म्हणाला. मग फळीवरून वडिलांचा, तयार मालावर उमटवायचा शिक्का काढून त्याने तापल्या कुदळीवर उभा धरला. "हा ठोका तुझा, अक्का. तेव्हाच द्यायला हवा होता."

अक्काने पदराने डोळे पुसले, मग पायटा दाबला. शिक्का अगदी सरळ उमटला. तिने वाकून तो नीट पाहिला आणि म्हणाली, "चल, दुसरी तापत घाल. आणि भाता तू ओढ."