पडद्यामागचे डोंगरेकाका

डोंगरेकाका कुठलंही वाक्य एका दमात पुरं करत नसत. सकाळी आमच्या दाराशी उभे राहून "बाई, चहा..." म्हणायचे आणि थांबायचे. मी आत जाऊन शेगडीवर आधण ठेवी, आलं ठेचे, कपबशी पुसून परत येई, तेव्हा उरलेलं वाक्य हाती पडायचं. "...आज नको. पोट बरं नाही." सुरुवातीला मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. पण ते सगळ्यांशीच असं बोलत. कोपऱ्यावर टोपली घेऊन बसणारी छत्तीसगढी भाजीवाली त्यांना बघितलं की आधीच हात जोडायची. "गोठिया न बबा, मोर भाजी सुखावत हे." बाबा, लवकर बोल, माझी भाजी सुकते आहे.

तुम्ही दोघं नेहमी तक्रार करता, की आजी फोन ठेवण्याआधी एकदम गप्प होते आणि लाइन गेली असं वाटतं. त्याचं मूळ या माणसाशी आहे. तुमच्या बाबांना ते आठवतात, पण तो सांगणार नाही. म्हणून मी लिहिते.

आम्ही भिलाईला आलो तेव्हा पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. एक भट्टी पेटली होती, दुसऱ्यांचे पाये खणले जात होते. तांबड्या मातीत एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगा आणि त्यांच्यापुढे गुडघ्याएवढी झाडं. तुमचे आजोबा ड्यूटीवर, मी शाळेत इंग्रजी शिकवायला. शेजारच्या क्वार्टरमध्ये कुसुम राहायची. ती भंडाऱ्याकडची, नवरा कारखान्याच्या यार्डात शंटिंगला. तिची आई गेल्यावर तिने वडिलांना, म्हणजे डोंगरेकाकांना, मुंबईहून आणलं. ते एक पत्र्याची पेटी आणि एक मोठा आरसा घेऊन उतरले. आरसा त्यांनी अंगणातल्या खांबाला टांगला आणि रोज त्याच्यासमोर दाढी करू लागले.

ते सिनेमात काम करत होते, हे कुसुमनेच सांगितलं, तेही जरा संकोचून. आधी गावाकडे झाडीपट्टीची नाटकं केली. तिकडे धान निघालं की शेतातच मांडव पडतो, माणसं बैलगाड्यांनी येतात, आणि शेवटच्या बैलगाडीपर्यंत आवाज पोचला नाही तर नटाला कुणी विचारत नाही. त्या आवाजावर ते मुंबईला गेले. नायक कधीच झाले नाहीत. न्यायाधीश, जमीनदार, मुलीचे वडील, असली कामं. पडद्यावर नाव इतर दहा नावांच्या गर्दीत येऊन जायचं. चेहरा कुणाला आठवत नसे, पण त्यांनी तोंड उघडलं की लोक माना वळवत. दुर्गच्या स्टेशनात त्यांनी नुसतं पाणी मागितलं, तर पाणीवाला म्हणाला, "आप वही जज साहब हैं क्या?"

पुढे पुढे त्यांना बोलावणं येईनासं झालं. "आता माइक नाकापाशी येते म्हणते," ते मला एकदा म्हणाले. "कुजबुजलं तरी चालते. माह्यासारख्याले सांगतात, हळू बोला, हळू बोला. हळूच बोलाचं असतं तर मी घरी नसतो बोललो का?"

आमच्या सेक्टरच्या मैदानात कारखान्याच्या क्लबातर्फे दोन खांबांना पांढरं कापड ताणून सिनेमा दाखवत. संध्याकाळी अंधार पडला की सुरू. पुढे जागा मिळाली नाही की माणसं कापडाच्या मागच्या बाजूला सतरंज्या टाकत. तिथून सगळं उलटं दिसायचं, डावखुरे उजवे व्हायचे, अक्षरं वाचता यायची नाहीत, पण गोष्ट कळायची. भट्टीची मळी, म्हणजे लोखंडावरचा वितळलेला गाळ, बाहेर ओतली की सगळं आकाश केशरी व्हायचं आणि पडदा पांढराफटक. तेवढा वेळ चित्र नाही, नुसते आवाज. आणि मैदानाच्या कडेने अहिवाऱ्याच्या खाणीतून चुनखडी घेऊन मालगाडी आली की आवाजही नाही. आम्ही याला सरावलो होतो. गाडी गेली की शेजारच्याला विचारायचं, काय म्हणाला तो?

काकांचा एक जुना सिनेमा तिथे वारंवार येई. नवी रिळं वेळेवर आली नाहीत की क्लबवाले तोच लावत. त्यात काका वडील आहेत. मुलगा भांडून घर सोडतो. काका उंबरठ्याशी उभे राहून म्हणतात, "दरवाज़ा खुला है, बेटा. जाने वाले के लिए भी..." आणि थांबतात. मुलाची मान खाली जाते. बापाने घालवून दिलं, असं सगळ्या मैदानाला वाटतं. मग येतं, "...और लौटने वाले के लिए भी."

पहिल्यांदा आम्ही तो सिनेमा पाहिला तेव्हा नेमक्या त्या जागी मालगाडी आली. कर्ण्यातून नुसती खरखर. पडद्यावर काकांचे ओठ हलताना दिसत होते. आणि एकाएकी गाडीच्या खडखडाटावरून ते वाक्य आलं, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं. मला वाटलं, मशीनवाल्याने आवाज वाढवला. पण मशीन आमच्या पाठीमागे होतं आणि आवाज पडद्याच्या आतून आला होता. लोक उठून कापडाच्या मागे धावले. तिथे काका सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि कुसुम पदर तोंडाला लावून हसत होती.

पुढे इतकी जागा असताना मागे का बसता, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मेकपच्या आरशात दिसत होतो तसा मी मले इकडूनच दिसतो, बाई. समोरून पाहिलं तर दुसराच कोणी वाटते."

त्यानंतर ती रीतच झाली. तो सिनेमा असला आणि गाडी आली की मैदान कर्ण्याकडे नाही, पडद्याकडे कान लावायचं. गाडी नाही आली तर लोक नाराज व्हायचे. ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. ड्यूटीवर निघालेले वेल्डर एकमेकांना ते ऐकवत. बंगाली, तेलुगू, पंजाबी, ज्याच्या त्याच्या उच्चारात. तुमचे बाबा शाळेत जाताना अर्धं म्हणायचे आणि घरी आल्यावर चप्पल काढता काढता उरलेलं. काका मात्र कुणावरच खूश नसत. एकदा त्यांनी मलाच ते म्हणायला लावलं. मी म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"कावून पळून राहिल्या तुम्ही? गाडी सुटून राहिली काय? पयल्या अर्ध्यात बाप रागावला हाये. दुसऱ्या अर्ध्यात तो नुसता बाप हाये. मंधात जे होते ते बोलता येत नाही. तिथं थांबाच लागते."

आत कुसुम पोळ्या करत होती. तिथूनच म्हणाली, "ऐकू नका, ताई. दवाखान्यात डॉक्टर विचारते, कुठं दुखते? हे थांबून राहतात. तेवढ्यात दुसरा पेशंट तपासून होते."

दुखणं गळ्याचं होतं. आधी आवाज बसतो म्हणून त्यांनी ज्येष्ठमध चघळलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. मग नागपूरला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन केलं तर माणूस राहील, आवाज राहणार नाही. उशीर केला तर दोन्ही नाही.

काकांनी नकार दिला. कुसुमने जेवण सोडलं, रागावली, जावयाने समजावलं. शेवटी ती मला घेऊन गेली. मी शाळेतल्या मुलांना समजवावं तसं मुद्देसूद बोलले. आवाज म्हणजे माणूस नव्हे, लेकीला तुम्ही हवे आहात, असं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, गवयाचा गळा गेला तर त्याले पेटी तरी वाजवता येते. माह्यापाशी काय हाये? आवाज गेल्यावर या घरात जो बसून राहील तो कोन? कुसुमले तरी तो ओळखू येईल का?"

कुसुम लगेच म्हणाली, "मले येईल." तरी ते हो म्हणाले नाहीत. एकदा तो सिनेमा लावायला सांगा, एवढंच म्हणाले. मग बघू.

तुमच्या आजोबांनी क्लबात शब्द टाकला आणि पुढच्याच आठवड्यात तो लागला. काय होणार आहे हे सगळ्या सेक्टरला माहीत होतं. भिलाईत तेव्हा गुपित राहत नसे, भिंती एका विटेच्या होत्या. त्या संध्याकाळी मागच्या बाजूला आम्ही तिघंच बसलो, काका, कुसुम आणि मी. लोकांनी आपण होऊन ती जागा मोकळी ठेवली होती. डॉक्टरांनी जोरात बोलायची मनाई केली होती आणि त्यांनी प्रयत्न केलाच तर हात धरायचा, असं कुसुमने मला बजावलं होतं.

उंबरठ्याचा प्रसंग आला आणि दुरून गाडीही आली. काका उठून उभे राहिले. समोर कापडावर ते स्वतः, आरशातल्यासारखे, त्यांच्याहून दुप्पट उंच. कुसुमने हात धरायला सांगितलं होतं खरं, पण तिनेही धरला नाही, मीही नाही. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि फाटक्या भात्यातून यावा तसा नुसता वारा आला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. पडद्यावरचा मुलगा मान खाली घालून निघालाही. गाडीचा शेवटचा डबा गेला आणि मैदानात कुणीच हललं नाही. लोक वाट बघत होते. मशीनवाल्याने मशीन थांबवलं.

अंधारात पलीकडून कुणीतरी, बहुधा एखाद्या तेलुगू माणसाने, सुरुवात केली. "दरवाज़ा खुला है, बेटा..." त्याच्यात दुसरा मिसळला, मग बायका, मग पोरं. सगळे वेगवेगळ्या चालीत, कुणी पुढे, कुणी मागे, शाळेतल्या प्रार्थनेसारखं वेडंवाकडं. काका तसेच उभे होते. मग त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि पडद्याला वळसा घालून ते पुढे गेले, नाटकात विंगेतून जावं तसे. नेमकी तेव्हाच भट्टीची मळी ओतली गेली. आकाश केशरी झालं, सगळं मैदान उजळलं. लोकांना ते दिसले, त्यांना लोक दिसले.

लोक "जाने वाले के लिए भी" पर्यंत आले होते आणि तसेच पुढे धावणार होते. काकांनी हात वर केला.

सगळे थांबले. एवढ्या माणसांचं मैदान आणि तान्ह्या मुलाचासुद्धा आवाज नाही. तो हात किती वेळ वर होता मला सांगता येणार नाही. मला माझे वडील आठवले, नागपूरच्या माझ्या माहेरच्या घराचं फाटक आठवलं. पलीकडे बसलेल्या त्या परक्या मुलखातून आलेल्या माणसांनाही काही आठवलं असेल. तिथे प्रत्येकजणच कुठलं तरी दार मागे ठेवून आला होता. मग हात खाली आला आणि मैदानाने उरलेलं वाक्य म्हटलं. हळू. बरोबर.

काका परत आले, सतरंजीवर बसले आणि कुसुमच्या कानाशी लागून काही बोलले. ती रडत होती, म्हणून मी नंतर विचारलं. ते म्हणाले होते, "चाल, पोरी. नागपूरचं तिकीट काढ. लोकाइले येते आता."

ऑपरेशननंतर ते काही वर्षं होते. गळ्याभोवती पांढरा पंचा असे. कुसुमला ते ओळखू आले, अगदी पहिल्यासारखे. उलट ती म्हणायची, आता तर जास्तच थांबतात. सकाळी आमच्या दाराशी यायचे, कप धरल्यासारखा हात करायचे आणि थांबायचे. हवा आहे की नको, ते मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायला शिकले.

ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तुमचे बाबा कॉलेजसाठी मुंबईला निघाले. दुर्ग स्टेशनावर काका आले होते, येऊ नका म्हटलं तरी. मी भराभर सूचना देत होते, ट्रंकेची किल्ली, डब्यातले लाडू आधी संपव, पोचल्याबरोबर पत्र. गाडीने शिट्टी दिली आणि मला त्याला खरं काय सांगायचं होतं ते एकदम सुचलं. मी तोंड उघडलं, तशी काकांनी हात वर केला. मी थांबले. तुमचे बाबा खिडकीतून माझ्याकडे बघत होते आणि मी त्याच्याकडे, आणि गाडी हलली. लाडू आणि किल्ली यांच्या गडबडीत मी त्याला नीट पाहिलंच नव्हतं, ते त्या वेळी पाहिलं. शेवटचा डबा गेल्यावर काकांनी हात खाली घेतला. मग मी त्या वाक्याचं उरलेलं अर्धं म्हटलं, रिकाम्या रुळांकडे बघून.

त्या दिवशी तो फक्त मुंबईला चालला होता. तिथून पुढे कुठे कुठे जाईल, आणि तुम्ही दोघं कुठे जन्माला याल, हे कुणाला ठाऊक होतं.

तर पुढच्या वेळी मी बोलता बोलता गप्प झाले, की फोन ठेवू नका. लाइन गेलेली नसते.