गच्चीवरची परात

ऑटो दारात उभा होता आणि बाबांचं सुरूच होतं, "हवा शिकाले इतक्या दूर जाते का वं कोणी? इथं का हवा नाही?" आईला हसू आलं नाही. ती माझ्या बॅगेवरची राख ओल्या फडक्याने पुसत होती. नागपूरपासून तासाभरावर, वीज केंद्राच्या चिमण्यांखाली आमचं गाव. केर काढतात तशी आमच्याकडे रोज राख पुसतात. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

आता मी नेदरलँड्समध्ये हवेचं मोजमाप आणि मॉडेलिंग शिकते. वारा, धूर, चिमणीची उंची संगणकाला सांगायची आणि राख कुठे किती पडेल ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात मी इथल्या खिडकीवरून बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ निघालं. आनंद व्हायला हवा होता, पण मला रागच आला.

प्रबंधासाठी मी आमचंच गाव घेतलं. मॉडेलने आमच्या घरावर भरमसाट राख दाखवली. पण प्रत्यक्ष मोजल्याशिवाय मॉडेलवर विश्वास ठेवायचा नसतो. म्हणून आईला फोनवर सांगितलं, गच्चीवर परात ठेव, महिन्याने त्यात पडलेलं सगळं पाण्याने बाटलीत उतरव. दादा ती बाटली नागपुरात सदर भागातल्या एका लॅबमध्ये देणार होता.

त्या बाटलीकडे दादा माझ्यापेक्षा जास्त डोळे लावून बसला होता. वहिनी बाळंतपणाला माहेरी, काटोलला गेलेली. भाची वेळेआधी जन्मली, छाती नाजूक. डॉक्टरांनी धुळीपासून जपायला बजावलं होतं. दादा दर रविवारी विचारायचा, "सांग ना वं, आणू का लेकीले घरी?"

लॅबचा आकडा आला. राख जवळजवळ नाहीच! मी खोलीत अक्षरशः नाचले. मॉडेलचे कान पिळून त्याला आकड्याशी जुळवलं आणि दादाला कळवलं, खुशाल आण.

मग परवा इथल्या पहाटेच आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "परात लय काळी होत होती वं. मी रोज सकाळी घासून ठेवत होती. तशी घाण तुह्या कॉलेजात कशी पाठवू?"

तिच्यावर काय रागावणार? पोरीच्या कॉलेजात घराची शोभा होऊ नये, एवढंच तिच्या मनात. परात घासू नकोस, हे सांगायला मला सुचायला हवं होतं. मी त्याच घरात वाढले ना!

"बाळ कुठे आहे?" मी विचारलं.

"गच्चीवर. तेल लावून कोवळ्या उन्हात टाकलं."

"आधी आत ने!"

"काहून? तूच तं म्हटलं ना, हवा चांगली आहे म्हणून."

दादाला सगळं सांगितलं. फोन त्याने वहिनीकडे दिला. मागे बाळ खोकत होतं. वहिनी म्हणाली, उद्या सकाळच्या बसने परत काटोलला जातो. मला कोणी एक शब्द लावून बोललं नाही.

माझ्यासारखे इकडे आलेले भेटले की घर म्हणजे आईच्या हातचं जेवण, घर म्हणजे आपली बोली, असं म्हणतात. मीही म्हणायचे. आता घर म्हटलं की मला ती चार माणसं दिसतात, जी माझा शब्द तपासून पाहत नाहीत. आणि मला त्यांची भीती वाटते.