मामांची जमिनीखालची मंडळी

सिकंदराबादेत माझ्या मामेसासऱ्यांना अनोळखी असा माणूस सापडेलही, पण तो जिवंत असेल. छावणीतल्या गोऱ्यांच्या जुन्या कब्रस्तानाशी त्यांचा पार घरोबा आहे. कोण कॉलऱ्यानं गेला, कोण घोड्यावरून पडून, कुणाच्या विधवेनं दोन दगड सोडून दुसऱ्या नवऱ्यासाठीही तोच स्तुतीचा मजकूर कोरून घेतला, सगळं तोंडपाठ.

मामांची हयात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात फाटक्या चिठ्ठ्यांवरचे पत्ते लावण्यात गेली. "जावईबापू, पार्सल पोचलेलं असतं, चिठ्ठी तेवढी पुसते," असं म्हणत ते दर रविवारी पाण्याची बाटली, मऊ ब्रश आणि मामींचा आरसा घेऊन निघायचे. आरशानं ऊन तिरपं पाडलं की बुजलेली अक्षरं उठून दिसतात. मामी बिचाऱ्या रविवारी कुंकू अंदाजानंच लावत. तिथला राखणदार म्हणे, "साब, इनकू सोने तो देओ." घरी मागच्या दारी बादली भरलेली असायची, कारण मामींच्या लेखी मसण ते मसणच. "आधी अंगावर पाणी घ्या, मग तुमचे साहेब सांगा." मामा थंडीतही निमूट न्हायचे. मी कधी सोबत गेलो, तरी जावई म्हणून मला माफी होती.

गेल्या वर्षी काचबिंदूनं मामांची नजर जवळजवळ नेली. भिंतीलगतचा एक वीतभर दगड तेवढा वाचायचा राहिला होता. तो कुण्या कप्तानाचा कुत्रा असणार, असं मामा वर्षानुवर्षं छातीठोक सांगत. आता मात्र घास हातात धरून म्हणायचे, "एकच राहिला हो." मला फार वाईट वाटे. चार रविवार मी जाऊन आरसा धरला, डोळे फोडले, पण एक शब्द लागेल तर शपथ.

पाचव्या रविवारी मामीच चपला घालून उभ्या राहिल्या. "चला, कुठं आहे तो दगड?"

मामींना इंग्रजीचा गंध नाही. मला येतं, म्हणून मी शब्दांचे अंदाज बांधत बसलो होतो. त्या मात्र मामांना दगडाशी बसवून, रांगोळीच्या बोटाला दगडावर जेवढी रेघ लागेल तेवढीच त्यांच्या तळहातावर गिरवत गेल्या. मामा एकेक अक्षर पुटपुटत होते. मग थांबले.

"कुत्रा नाही गं. ॲलिस. दहा महिन्यांची."

घरी आल्यावर मामींनी दोन बादल्या भरल्या. "एवढ्या लांब तिच्या नावानं आंघोळ करायला कुणी होतं की नाही, कोण जाणे," म्हणाल्या आणि पहिला तांब्या स्वतःच्या डोक्यावर ओतला. मामा पायरीवर तळहात मिटून बसले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिसरी बादली मी भरून घेतली.