सोलापूरच्या नव्या घरांना ओटा नव्हता

सत्तरच्या दशकातली, लग्नानंतरची ही माझी पहिली सहल. मैत्रिणी महाबळेश्वरला गेल्या. मला नवऱ्याने सोलापूरला नवी घरं बघायला नेलं. हे पुण्यात नगररचना खात्यात होते. नव्या वसाहतींमधली घरं नुसती उभी न राहता राहण्याजोगी व्हावीत, म्हणून मार्गदर्शक नियम लिहायचं काम ह्यांच्याकडे आलं होतं.

एसटीने भिगवण, टेंभुर्णी, मोहोळ असा रस्ता. अंग खिळखिळं झालं. स्टँडजवळच्या खानावळीत मात्र कडक भाकरी आणि शेंगाचटणीने जीव थाऱ्यावर आला, आणि तेही अगदी स्वस्तात. तुम्ही जाणार असाल तर उन्हाळा टाळा. आम्ही टाळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वसाहतीत गेलो. मूळच्या तेलंगणातल्या विणकर कुटुंबांसाठी बांधलेली सरळ रांगेतली, पांढरी स्वच्छ घरं. पण भर दुपारी बहुतेक दारांना कुलपं. बायका कुठे गेल्या, असं मी रखवालदाराला विचारलं.

"जुन्या गल्लीत की. तितं ओट्यावर बसून विड्या वळत्यात. रोजचंच हाय त्यांचं."

आम्हीही तिथे गेलो. ओट्याओट्यावर बायका, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. तेलुगूत गप्पा रंगलेल्या. नरसम्मा नावाच्या बाईने सरकून मला जागा दिली. तिच्या पलीकडे तान्ही नात झोपली होती.

"नवं घर आवडलं नाही का?" ह्यांनी तिला विचारलं.

"चांगलं हाय की साहेब. नळ हाय, छत गळत न्हाय. पन खोली येकच, अन् ओटा न्हाय. आत वळलं की तंबाखू पोरीच्या छातीत जातंय. लई खोकतंय."

"मग इथेच येत जा."

"ही गल्ली दिवाळीनंतर पाडनार हाय न्हवं? मग कुटं बसू?"

हे उकिडवे बसून वितीने ओट्याची रुंदी मोजू लागले. बाई लेकरासाठी विचारतेय आणि हे मोजत बसलेत, याचा मला भयंकर राग आला.

पुण्याला परतल्यावर तो राग ओसरला. प्रत्येक घराला ओटा हवा, दोघी सूप घेऊन बसतील एवढा रुंद आणि वर सावली असलेला, असा नियम ह्यांनी लिहिला आणि वरिष्ठांशी भांडून मंजूर करून घेतला. मला इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी शिरा केला.

"आता नरसम्माला ओटा मिळेल," वाढताना मी म्हणाले.

ह्यांचा हात ताटातच थांबला.

"नियम यापुढच्या घरांना लागतो," हे म्हणाले. "तिचं बांधून झालंय."