सहा न पडलेल्यांची ओळ

सबनीस मॅडमची आणि माझी ओळख झाली ती एका फाशामुळे. दिल्लीतल्या कॉलेजात संख्याशास्त्राचा पहिलाच तास होता आणि मॅडमनी प्रत्येकाच्या हातात सापशिडीचा एकेक फासा ठेवला. सहा पडेपर्यंत टाकत राहायचं आणि कितव्या खेपेला पडला ते फळ्यावर लिहायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. पहिलं यश यायला किती प्रयत्न लागतात याच्या हिशेबाला पुस्तकं ‘भूमितीय वितरण’ म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं.

सगळ्यांचे सहा पडले. माझा मेला पडेचना. शेजारची मुलं ओरडायला लागली, “अब तो आएगा यार, इतनी देर से नहीं आया!” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “क्यों आएगा? पासे को क्या पता?” तास संपत आला तरी तो आला नाही. मग आम्ही मला सोडून बाकीच्यांची सरासरी काढली. ती छान लहान आली. मॅडम अशा काही भडकल्या! ज्यांना मिळालं त्यांचीच सरासरी काढता, जी अजून वाट बघतेय ती गेली कुठे? त्यांनी स्वतः फळ्यावर माझं नाव लिहिलं, त्यापुढे माझ्या खेपांचा आकडा आणि त्याला चिकटून एक अधिकचं चिन्ह. इथवर नाही, पुढचं ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ. वर्ग सुटल्यावर मला थांबवून म्हणाल्या, “मराठी ना गं तू? डबा आणलायस का?”

मॅडमचा हा करडेपणा वर्गाबाहेरही सुटत नसे. आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हौजी चाले. “आता माझा नंबर आलाच पाहिजे,” असं कोणी म्हटलं रे म्हटलं, की मॅडम तिथेच शिकवणी सुरू करत. शेवटी लोक त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब बसायला लागले. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

पुढे मी सरकारी नोकरीत लागले, तीही आकडेवारीच्याच खात्यात. लग्न झालं, द्वारकेत घर झालं. मूल मात्र होत नव्हतं. समीर आणि मी वर्षानुवर्षं एका दवाखान्यात खेटे घालत होतो. प्रत्येक उपचार फसला की सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्या म्हणत, “इतक्या वेळा नाही झालं ना, मग आता होणारच बघ.” आणि मी, मॅडमची विद्यार्थिनी, त्यावर विश्वास ठेवायची!

शेवटच्या रिपोर्टच्या दिवशी समीर दौऱ्यावर होता. मॅडम या वयात नोएडाहून मेट्रोने आल्या, आल्याच्या चहाचा थर्मास घेऊन. दवाखान्याच्या भिंतीवर तिथे झालेल्या बाळांचे फोटो होते. मॅडमनी ते बराच वेळ पाहिले आणि काउंटरवरच्या बाईंना विचारलं, “और बाकी लोगों की दीवार कहाँ है?” त्या बाईंना प्रश्नच कळला नाही.

रिपोर्ट पुन्हा तोच. मी विचारलं, “मॅडम, पुढच्या वेळी तरी?”

“मागचं अपयश पुढचं यश जवळ आणत नाही, मंजिरी. आणि इथे तर वयाबरोबर शक्यताही घटत जाते. खोटं कसं बोलू मी?”

“एकदा बोला ना खोटं! काय बिघडतं?” सगळ्यांदेखत मी ओरडले. मॅडमनी माझा हात धरला. त्याही रडत होत्या.

“पुस्तकातला माणूस दमत नाही गं,” त्या म्हणाल्या. “तो सहा पडेपर्यंत टाकतच राहतो, म्हणून तिथे प्रत्येकाला शेवटी सहा मिळतोच. तू पुस्तकातली नाहीस. तुला थांबता येतं.”

आम्ही थांबलो. थांबल्यावर हलकं वाटलं असं लिहिलं तर मॅडमच खोडून टाकतील. काही हलकं झालं नाही. बाळासाठी पिवळी रंगवलेली खोली तशीच आहे, तिथे आता इस्त्रीचं टेबल असतं. मेट्रोत शेजारी कोणी तान्हं घेऊन बसलं, की मी अजूनही उठून दाराशी उभी राहते. हे दुःख कमी होत नाही. होईल अशी आशाही मला उरलेली नाही.

मॅडमच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीने मॅडमच्या यशस्वी विद्यार्थ्यांचे लेख मागवले, तेव्हा साहजिकच मला कोणी विचारलं नाही. मी कुणाला कुठे पोचलेली वाटणार? मॅडमना ती नावं वाचून दाखवली, तर त्यांनी पहिला प्रश्न केला, “मंजिरी कुठे आहे? तिचा लेख घ्या, नाहीतर ही सरासरी चुकेल.” समितीच्या सचिवांनी हे फोनवर हसत हसत सांगितलं. मी फोन ठेवला आणि त्या पिवळ्या खोलीत जाऊन खूप रडले. मग तिथेच, इस्त्रीच्या टेबलावर, हा लेख लिहायला बसले.

मॅडम आज पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. शतायुषी व्हा म्हणावं, तर त्या लगेच त्याची शक्यता काढायला सांगतील. म्हणून एवढंच मागते: मॅडम, तुमचे गुडघे आणि तुमचा राग दोन्ही ठणठणीत राहोत, आणि तुमच्या वयाच्या आकड्यापुढे ते अधिकचं चिन्ह पुष्कळ, पुष्कळ वर्षं राहो.