वल्ह्यावर उभं केलेलं बॉनेट

भाईंदरजवळच्या, दर्याकाठच्या पालीच्या धर्माजीने तीस वर्षं स्वतःच्या होडीवर तांडेलकी केली. मग गुडघे गेले, म्हणून होडी विकून त्याने एक जुनी लाल गाडी घेतली. तिचं बॉनेट उभं धरणारा लोखंडी दांडा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दांड्याचं काम त्याची बायको चंपा करत होती. भाईंदरच्या बाजारात मासळी न्यायची, वाटेत एकदा गाडी पाणी मागायची. चंपा मांडीवरची पाटी बाजूला ठेवून उतरायची आणि दोन्ही हातांनी बॉनेट धरायची. धर्माजी पाणी ओतायचा.

एका रविवारी पाणी ओतता ओतता तो कुणाशीतरी गप्पा मारत राहिला. चंपाचे हात भरून आले आणि बॉनेट तिच्या खांद्यावर बसलं. तिने पाटी उचलली, रिक्षाला हात केला आणि गेली.

त्यानंतर आठ दिवस ती रिक्षानेच जात होती. धर्माजी रिकामी गाडी घेऊन तिच्या रिक्षामागे बाजारापर्यंत जायचा आणि परत यायचा. गाडीने पाणी मागितलं, की बॉनेट डोक्यावर घेऊन ओतायचा.

भाईंदरचा विपुल मेकॅनिक म्हणाला, "काका, दांडा नि क्लिप नवीन टाकू. पाँच मिनट का काम है."

"तीस वरसं होरी मीच दुरुस्त केली. आता दांड्यासाठी तुझ्या दारात येऊ?"

घरी येऊन त्याने मोडक्या वल्ह्याचा तुकडा कापला. एक टोक बॉनेटला, दुसरं पुढच्या पट्टीला जाळ्याच्या दोरीने बांधलं आणि गाठी पाय लावून आवळल्या.

"बस आता गाडीत," तो म्हणाला.

चंपा अंगणात जवळा निवडत होती. "आदी तुमी डोकं घाला आत. माजा जवळा होईस्तवर."

टोपलीभर जवळा होता. धर्माजीने बॉनेटखाली डोकं घातलं. शेजारच्या दत्तारामने स्कूटर थांबवली.

"तांडेल, काय गवसलं का?"

"न्हाय. हुबा हाय."

"कवापासून?"

"जवळ्याला इचार."

जवळा संपला. चंपाने बऱ्या खांद्याने बॉनेट रेटून पाहिलं. हललं नाही. मग ती पाटी घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"चला. मासली थांबायची न्हाय."

पण बॉनेट खाली येईना. गाठी सुटत नव्हत्या. धर्माजीने नखं लावली, दात लावले. कापायचा प्रश्नच नव्हता. आपली गाठ आपण सोडायची, तिला सुरी लावली तर दर्या रागावतो, असं बापाने शिकवलं होतं. समोरच्या काचेतून चंपाला नुसता लाल पत्रा दिसत होता.

"रिक्षा बोलवू?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

धर्माजीने तिच्या पाटीतली सुरी घेतली, दर्याकडे पाठ केली आणि गाठी कापल्या.

वाटेत विपुलकडे थांबले. त्याने नवा दांडा चारच मिनिटांत बसवला. वल्ह्याचा तुकडा उलटसुलट करून पाहिला.

परतताना गाडीने पाणी मागितलं. धर्माजी उतरला, बॉनेट उचललं, दांडा लावला आणि बाटली उघडली.

"आदी डोकं घाला," चंपा आतून म्हणाली.

त्याने घातलं. ती उतरली नाही. रिकामी पाटी मांडीवर धरून बसून राहिली.