बहात्तर लाख जोड्या

दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे नाशिकजवळच्या अंबडमधल्या एका छोट्या कंपनीतलं तेजलचं काम. आठवडाभर हेच करून रविवारी ती नाशिकरोडला विहारामागच्या खोलीत जाऊन बसायची. तिथे सुमनबाई बौद्ध वधू-वर सूचक केंद्र चालवत. सुमनबाई म्हणजे तिच्या आईची, विमलाबाईंची, डी.एड.पासूनची मैत्रीण, त्यामुळे तेजलची मावशीच. मावशींच्या कॉम्प्युटरवर तीन हजार आठशे बायोडेटा एकाच फोल्डरमध्ये कोंबलेले होते, आणि ते नीट लावून द्यायचं तेजलने कबूल केलं होतं. बदल्यात एकच अट: तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय त्या खोलीत निघायचा नाही.

खरी डोकेदुखी होती दुबार अर्जांची. वर्ष-दोन वर्षांत लग्न जमलं नाही की लोक तोच बायोडेटा नव्याने पाठवत. उंची इंचभर वाढायची, वय वर्षाने घटायचं, बाकी मजकूर तोच. तेजलने आधी सोपा उपाय केला. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून एक आकडा, म्हणजे तिचा ठसा, काढायचा, ठसे जुळले की फाइल तीच. पण हा ठसा फारच काटेकोर. एक काना जरी बदलला तरी सगळाच्या सगळा वेगळा येतो. तीन हजार आठशेंत जुळले अवघे चौदा.

मग तिने दुसरी पद्धत घेतली. प्रत्येक बायोडेटाचे तीन-तीन शब्दांचे तुकडे करायचे, एकमेकांत गुंतलेले: पहिला ते तिसरा शब्द, मग दुसरा ते चौथा, असे शेवटपर्यंत. एकेक तुकडा सूत्रातून काढायचा की त्याचा आकडा मिळतो. त्यातला सर्वांत लहान तेवढा ठेवायचा. मग दुसरं सूत्र, पुन्हा सर्वांत लहान. अशी दोनशे सूत्रं, दोनशे आकडे. ही झाली त्या फाइलची सही. दोन सह्या शेजारी ठेवून शंभर जागी आकडे जुळले, तर मजकूर साधारण निम्मा सारखा. फाइल उघडून वाचायचीही गरज नाही.

हे सगळं तिने सुमनबाईंना समजावलं आणि म्हणाली, आता प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची, म्हणजे बहात्तर लाख जोड्या.

सुमनबाईंनी चष्मा काढला. "बहात्तर लाख? अगं, माझ्याकडून वर्षाला वीस जमतात."

पहिल्याच फेरीत प्रोग्रॅम तोंडावर आपटला. त्याच्या मते अकराशे मुलं म्हणजे एकच मुलगा होता. निर्व्यसनी, मनमिळाऊ, आईवडिलांचा आदर करणारा. मुलीही त्याच वाटेने गेल्या होत्या. सातशे जणी एकजात सुस्वभावी आणि गृहकृत्यदक्ष. रेल्वे स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याचा तयार नमुना सगळ्या शहराने वापरला होता. तेजल आणि सुमनबाई पोट धरधरून हसल्या. मग तेजलने पन्नासांहून अधिक फाइलींत येणारं प्रत्येक वाक्य वगळायला सांगितलं आणि प्रोग्रॅम पुन्हा लावला.

या वेळी यादी शहाण्यासारखी आली. एक गृहस्थ गेली चार वर्षं दरवर्षी एका वर्षाने तरुण होत होते. दोन सख्ख्या भावांनी एकच बायोडेटा वाटून घेतला होता, पगारासकट. तेजल खुशीत एकेक ओळ खाली जात होती आणि एका जोडीवर थांबली. २२१६ आणि ३०४१. चौतीस टक्के. एक मुलगी, एक मुलगा.

तिने २२१६ उघडली. फोटोत निळ्या साडीत ती स्वतःच होती.

दोन वर्षांपूर्वी, तेजल केंद्रात यायच्या कितीतरी आधी, विमलाबाईंनी लेकीच्या नकळत तो बायोडेटा दिला होता. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत निबंध तपासलेल्या बाई झेरॉक्सवाल्याचा नमुना थोड्याच वापरणार? त्यांनी लिहिलं होतं: 'मुलीला स्वयंपाक येतो, पण तिच्यासमोर तसं म्हणू नये. चिडली की भांडी घासते, त्यामुळे घरातली भांडी कायम चकचकीत असतात. खोटं बोलायला गेली की तिचे कान लाल होतात. हसायला लागली की लवकर थांबत नाही. थांबवणारं स्थळ नको.'

आणि ३०४१ मध्ये, सटाण्याचा, विंचूरला वाइनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणारा सुयश सांगत होता: 'मला स्वयंपाक येतो, पण माझ्यासमोर तसं म्हणू नये. चिडलो की भांडी घासतो, त्यामुळे घरातली भांडी कायम चकचकीत असतात. खोटं बोलायला गेलो की तिचे कान लाल होतात.'

सगळं बदललं होतं, फक्त 'तिचे' बदलायचं राहिलं होतं.

तेजलला आधी आईचा राग आला, मग मावशींचा, मग या इसमाचा. तिने तिथल्या तिथे त्याला फोन लावला, केंद्रातून बोलतेय म्हणाली आणि विचारलं, बायोडेटा तुम्हीच लिहिला का? तो गोंधळून थेट अहिराणीत म्हणाला, "मनी चूक शे." आणि लगेच सावरून, माझी चूक आहे म्हणत, मराठीत सगळं सांगून मोकळा झाला. मार्चच्या परिचय मेळाव्यात त्याने तो कागद वाचला होता. फोटो केंद्र नंतर देतं, त्यामुळे चेहरा पाहिला नव्हता. त्याने सुमनबाईंकडे चौकशी केली, तर मुलीला इतक्यात लग्न करायचं नाही असं उत्तर आलं. घरी जाऊन स्वतःचा बायोडेटा लिहायला बसला, तर दुसरं काही सुचेचना.

"त्यातलं खोटं काही नाही," तो म्हणाला. "भांडी मी खरंच घासतो. पण त्या मुलीला सांगू नका, प्लीज."

"मीच ती," तेजल म्हणाली.

पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. रविवारच्या पाळीला प्रयोगशाळेत असलेल्या सुयशच्या हातातलं काचेचं चंचुपात्र होतं, हे नंतर कळलं. तो विचारत होता, ऐकू येतंय का, आहात का. आणि इकडे तेजलला हसू आवरेना. तिने तोंडावर ओढणी दाबली, तरी आवरेना. सुमनबाईंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि पुढच्या रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं. अट मोडली होती, पण ते सांगायचं भान कुणाला होतं?

रविवारी सुयश मोटरसायकलवर आला. जेल रोडच्या तेजलच्या घरात शिरून त्याने तिला जेमतेम नमस्कार केला आणि विमलाबाईंसमोर जाऊन बसला. मजकूर त्यांचा, तेव्हा माफीही त्यांचीच मागायची, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. विमलाबाईंनी त्याचा बायोडेटा छापून आणवला होता. लाल पेन काढून त्यांनी 'तिचे' भोवती गोल केला आणि वर दहापैकी सात गुण दिले.

"तीन कशाचे कापले?" त्याने विचारलं.

"एक या चुकीचा. दोन, शेवटचं वाक्य गाळल्याचे. तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं."

सुयश म्हणाला की ते त्याने मुद्दामच घेतलं नव्हतं. त्याला स्वतःला तेवढं हसता येत नाही, म्हणून ते वाक्य चोरायची हिंमत झाली नाही. विमलाबाईंनी पुन्हा लाल पेन उचललं. मग एक गुण वाढवून दिला आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्यानंतरचे पाच रविवार तो येत राहिला. कधी दोघं गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, फिरले, कधी पांडवलेणीच्या पायऱ्या चढले. तेजल बोलायची, तो ऐकायचा. एखादं वाक्य टाकायचा आणि तिच्या हसण्यात आपलं हसू मिसळून द्यायचा. सहाव्या रविवारी लेण्यांजवळ तिनेच लग्नाचं विचारलं. त्याने लगेच हो म्हटलं, आणि मग पुन्हा एकदा म्हटलं, पहिलं नीट ऐकू गेलं नसेल तर म्हणून.

लग्न पुढे डिसेंबरात विहारात झालं. सटाण्याहून दोन गाड्या भरून माणसं आली, सुमनबाई करवलीसारख्या मिरवल्या. पण तेजलला विचाराल तर ती त्या सहाव्या रविवारनंतरच्या सोमवारबद्दल सांगेल. नेहमीसारखी ती सकाळी साडेआठला स्कूटी घेऊन ऑफिसला निघाली. द्वारका चौक ओलांडून पुलावर चढली आणि कसल्याशा आठवणीने हेल्मेटच्या आत एकटीच हसायला लागली. अंबडला वळायचं कधी राहून गेलं, कळलंही नाही. समोर थेट शहराबाहेरची विल्होळी आली तेव्हा फोन वाजत होता. ऑफिसातून विचारणा होती, मीटिंग सुरू झाली, आहेस कुठे? टायर पंक्चर झालाय असं सांगायला तिने तोंड उघडलं, तोच कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या झाल्या.

"विल्होळीला," ती म्हणाली. "काही झालं नाही, रस्ता चुकले. माझं लग्न ठरलंय."

मग रस्त्याकडेच्या टपरीवर तिने एक चहा घेतला, सावकाश प्यायली, आणि स्कूटी वळवली.